घरातला तांबडा : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

हेमटाइटचा दगड हातात घेतला तर त्यात लाल काहीच दिसत नाही. काळपट, पोलादासारखा चकाकणारा, हाताला जड. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून तो उगाळला की मात्र दगडामागे तांबडी रेघ उमटते. कण जितके बारीक होतील तितका रंग उघडतो. गेरू म्हणजे हाच लोहाचा ऑक्साइड, मातीत मिसळून बारीक झालेला. भीमबेटक्याच्या गुहांमध्ये माणसाने भिंतीवर हात चालवला तो अनेकदा याच रंगाने. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांनी त्या चित्रांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. अजिंठ्याच्या चित्रकारांच्या वाटीतही हाच गेरू होता. या ग्रंथाचा विषय मात्र गुहा किंवा लेणी नाही. साध्या राहत्या घरात हा रंग कुठे लावला, कशाने लावला, पुन्हा कधी लावला, हे इथे पाहायचे आहे.

पहिली पायरी शब्दांची. मराठीत लाल आहे आणि तांबडाही आहे. तांबड्याच्या मुळाशी ताम्र, म्हणजे तांबे. लाल फारसीतून आला, आणि तिथे तो माणकाशी नाते सांगतो. माती तांबडी, भोपळा तांबडा, पहाटेही तांबडेच फुटते. कोबा मात्र लाल. शेतात, आभाळात आणि चुलीवर जो रंग आधीपासून होता त्याला जुना शब्द चिकटून राहिला, आणि बाजारातून आलेल्या गोष्टींना बरेचदा नवा लागला, असे मला वाटते. घरच्या वस्तूंची नोंद करताना माणसे यांतला कोणता शब्द वापरतात तेही टिपून ठेवावे. नोंदवहीत सरसकट ‘लाल’ लिहून टाकले की अर्धी माहिती तिथेच पुसली जाते.

दुसरी पायरी जागेची. आज घर लाल रंगाने सजवायचे म्हटले की एक अख्खी भिंत रंगवतात. कोकणातल्या जुन्या घरात तसे फारसे दिसत नाही. उंबरठा, तुळशी वृंदावन, रांगोळीपुरता सारवलेला चौकोन, भिंतीचा पायथा, अशा ठरलेल्या जागी तांबडा बसतो, आणि त्याच्या शेजारी चुन्याचा किंवा रांगोळीचा पांढरा असतोच. पायथ्याच्या पट्ट्याला सौंदर्याइतकेच पावसाचेही कारण असावे. पागोळ्या तांबड्या अंगणात आपटतात, शिंतोडे वीतभर उडतात, आणि गेरूचा पट्टा ते पोटात घेतो. चैत्रांगण काढताना आधी गेरूने जमीन सारवतात, मग त्यावर बोटांच्या चिमटीतून पांढरी रेघ सोडतात. इथे तांबडा स्वतः चित्र होत नाही, चित्राला बसायला पाट देतो. वारली घरातल्या लग्नचौकातही तेच. माती-गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, आणि ती काढण्याचा मान सवाशिणींचा. पुढे जिव्या सोमा म्हशे यांनी ही रेघ कागद-कापडावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवर राबलेल्या असंख्य बायकांची नावे मात्र कुठल्या कागदावर आली नाहीत, याची खंत या विषयात पाऊल टाकणाऱ्याने बाळगावी.

तांबड्याची वेळही असते. १८१९ साली पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, उजेड मंदावला की लाल फुले काळवंडतात आणि निळी उठून दिसतात. अंधुक उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी पाहण्याचे काम हाती घेतात, आणि त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. आता कार्तिकातली तिन्हीसांज आठवा. वृंदावनाचा गेरू विझत जातो, अंगण करडे होते. तेवढ्यात कोणी पणती आणून ठेवते. तेलाच्या ज्योतीत तांबडा-पिवळा प्रकाशच जास्त, म्हणून त्या हातभर वर्तुळात गेरू पुन्हा जागा होतो. हा अनुभव मी कितीतरी वेळा घेतला, पण त्यामागचे कारण कळल्यावर त्याची गोडी माझ्यासाठी दुणावली.

आता कावी. या विषयाचे सगळ्यांत समृद्ध दालन हेच, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवारकडच्या पट्ट्यात देवळांच्या, क्वचित घरांच्या भिंतींवर पांढऱ्या-तांबड्या दोनच रंगांत वेली, हत्ती, देवदेवता कोरलेल्या दिसतात, तीच कावी. पेडण्यातल्या मोरजीचे मोरजाई मंदिर हे त्याचे ठळक उदाहरण. शिंपल्यांचा चुना, धुतलेली वाळू आणि गूळ एकत्र भिजत घालून आंबवायचे, कांडून कांडून लोण्यासारखे करायचे, आणि ओल्या भिंतीवर गिलावा चढवायचा. तो ओला असतानाच वर तांबड्या मातीचा पातळ हात द्यायचा. मग टोकदार लोखंडी सळईने तांबडा खरवडत जायचे, की खालचा पांढरा चित्र होऊन वर येतो. कुंचला नाही, चुकीला माफी नाही. सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो आणि रंग त्यात अडकतो. म्हणून कोकणचा पाऊस झेलून ही चित्रे टिकली. या तांबड्याला हुरमुंजी असेही म्हणतात. त्या नावात इराणच्या आखातातले होर्मुझ बेट ऐकू येते, आणि तिथली तांबडी माती आजही प्रसिद्ध आहे. देवळाच्या भिंतीवर गलबतांच्या व्यापाराची खूण अशी शब्दातून उरते. कारवारकडच्या कावीची चिकाटीने नोंद कृष्णानंद कामत यांनी केली. त्यांचे ऋण मान्य केल्याशिवाय इथे पुढे जाता येत नाही.

एका देवळात मी कावीचे फोटो काढले होते. दोन वर्षांनी परत गेलो तर भिंत ऑइलपेंटने गुळगुळीत. रंगवणाऱ्यांच्या मनात भक्तीच होती, त्यांना दोष कसा देणार? पण खाली काय आहे हे त्यांना वेळेत कोणी सांगितले नाही, आणि फोटो घेऊन गेलेल्या मीही सांगितले नव्हते. तेव्हापासून पाहिलेली प्रत्येक भिंत मी त्या गावाला दाखवूनच निघतो.

बाकीचे लाल थोडक्यात. कुंकू परंपरेने हळदीचेच. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ भेटला की हळद लाल होते. पण हा वनस्पतीचा रंग, म्हणून उंबरठ्यावरची कुंकवाची बोटे उन्हात लवकर फिकी पडतात आणि गेरू पडत नाही. शेंदूर शिशाचा, विषारी. तो देवाच्या मूर्तीवर दिसतो, पण घरातल्या सजावटीत त्याला आणू नये. लाल कोबा वयाने लहान. सिमेंट हाताशी आल्यावर त्यात लाल ऑक्साइड कालवून, थापीने घोटून, दिवसचे दिवस पाण्याखाली ठेवून तो घडू लागला. घरच्यांच्या पावलांनी तो गुळगुळीत होत गेला, आणि दुपारी त्यावर पाठ टेकणाऱ्याला त्याचा गारवा आयुष्यभर आठवतो. कुशल हात मिळेनात आणि फरशा स्वस्त झाल्या, तसा तो मागे पडला.

अभ्यासाला काय लागते? वही, फूटपट्टी, भिंग आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांसमोर बसायची तयारी. एका परसात तुळशी वृंदावनाचा कोपरा फुटला होता. भिंग लावून पाहिले तर चुना, गेरू, चुना, गेरू, असे अकरा थर. सगळ्यांत वर ऑइलपेंटचा जाड पापुद्रा. घरच्या आजी शेजारी येऊन वाकल्या. मी वर्षे मोजत होतो. त्यांनी करंगळीच्या नखाने खालचे थर दाखवले, “हे सासूबाईंचे.” नख वर सरकले, “इथून माझे.” आणि पापुद्र्यावर थांबून म्हणाल्या, “हा दुकानातला. त्याच्यानंतर हात लावावा लागलाच नाही.”