स्वरांत लपलेलीं नांवें

ख्यालगायनाची मैफल ऐकणाऱ्यास सदारंगाचें नांव नवें नसतें. मुहंमदशहाच्या दरबारांतील हा नियामतखान चिजेच्या शब्दांतच आपलें नांव गोंवून ठेवतो, आणि गाणारा तें गातो म्हणून कर्ता कोण हें श्रोत्यास विचारावें लागत नाहीं. त्याच सुमारास जर्मनींत दुसरा एक संगीतकार शब्दांचा आधार न घेतां केवळ स्वरांत आपलें नांव लिहूं पाहत होता. शब्दांतलें नांव कानास आपोआप कळतें. स्वरांतलें नांव कोड्यासारखें सोडवावें लागतें. असल्या कोड्यांची युरोपांत पुढें एक परंपराच पडली. तिची थोडीशी हकीकत येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम कोड्याची किल्ली हातीं घेऊं. आपण स्वरांस सा, रे, ग म्हणतों. जर्मन लोक त्यांस रोमन अक्षरांनीं ओळखतात. पेटीची पांढरी एक, म्हणजे सी हा स्वर, षड्ज धरला तर डी हा रिषभ, ई गंधार, एफ् मध्यम, जी पंचम आणि ए धैवत होतो. येथपर्यंत इंग्रजांची व जर्मनांची वाट एकच आहे. निषादापाशीं मात्र ती फुटते. कोमल निषादास जर्मन 'बी' म्हणतात आणि शुद्ध निषादास 'एच्'. शिवाय कोमल गंधारास ते 'एस्' व कोमल धैवतास 'आस्' म्हणतात. म्हणून एस् ह्या अक्षराचीही सोय होते. ज्यांच्या घरीं पेटी असेल त्यांनीं पुढचीं नांवें स्वतः वाजवून पाहावींत.

योहान सेबास्टियन बाख ह्याचें आडनांव रोमन लिपींत बी, ए, सी, एच् ह्या चार अक्षरांनीं लिहितात: कोमल नी, ध, वरचा सा, शुद्ध नी. दोन्ही निषाद घेणारी ही ओळ ऐकावयास चमत्कारिक, पण विसरतां न येणारी आहे. १७३२ सालीं वाल्टर नांवाच्या गृहस्थानें संगीताचा कोश छापला. त्यांत, ह्या घराण्याच्या नांवाचीं अक्षरेंदेखील क्रमानें सुरेल आहेत, असें सांगून ही गोष्ट प्रथम लाइप्झिगच्या बाखनेंच हेरली, अशीही नोंद केली आहे. म्हणजे कोडें घालणाऱ्यानेंच किल्ली दिली. पुढें 'आर्ट ऑफ फ्यूग' ह्या आपल्या अखेरच्या मोठ्या ग्रंथांत बाखनें तीच ओळ घेतली. एक सुरावट अनेक आवाजांनीं एकामागून एक उचलावी, असा हा फ्यूगचा प्रकार. शेवटच्या फ्यूगमध्यें तीं चार अक्षरें येतात, थोडा विस्तार होतो, आणि हस्तलिखित मध्येंच तुटतें. तेथें बाखच्या मुलानें लिहून ठेविलें आहे कीं, आपलें नांव गोंवीत असतां कर्त्याचा अंत झाला.

ही कथा कोणाचेंही मन हेलावील अशी आहे. परंतु हस्ताक्षराच्या अभ्यासकांनीं त्या पानाचा काळ १७५० च्या जुलैंतील मृत्यूपूर्वीं बराच मागें नेला आहे; त्यामुळें लेखणी नांवावरच गळून पडली, हें खरें मानतां येत नाहीं. आम्हांस त्यामुळें त्या पानाची किंमत कमी झालीशी वाटत नाहीं. उलट दुसऱ्या एका वर्गाचा आम्हांस कंटाळा येतो. बी म्हणजे २, ए म्हणजे १, सी म्हणजे ३ आणि एच् म्हणजे ८, मिळून १४, असा हिशेब मांडून कांहीं विद्वान बाखच्या रचनांत जेथें तेथें चौदा स्वर मोजीत बसतात. चौदा हा आंकडा शोधूं लागलें म्हणजे वाण्याच्या वहींतही सांपडतो!

कोडें घालण्याचा खरा छंद होता तो रोबर्ट शूमान ह्यास. त्याची पहिली छापील रचना, १८३१ ची, 'आबेग' ह्या नांवावरच उभारली आहे: ध, कोमल नी, ग, प, प. त्यानंतर १८३४ सालीं एर्नेस्टीन फॉन फ्रिकन ह्या तरुणीवर त्याचें मन बसलें. तिचें गांव आश्. त्या गांवाच्या नांवांत ए, एस्, सी आणि एच् हीं अक्षरें आहेत. आणि शूमानच्या लक्षांत आलें कीं, स्वतःच्या आडनांवांत स्वर होऊं शकतील अशीं अक्षरें नेमकीं हींच चार आहेत, फक्त क्रम निराळा. प्रेमांत पडलेल्या तरुणास ह्याहून मोठा शकुन कोणता हवा? 'कार्निव्हल' ही वीसएक छोट्या चित्रांची पियानोरचना त्यानें ह्या चार अक्षरांतून काढली. मध्येंच 'स्फिंक्स' अशा मथळ्याखालीं तीन ओळी छापल्या आहेत. त्यांत लांबलचक स्वरांत ती किल्ली उघडी करून ठेविली आहे: एकींत कोमल ग, सा, नी, ध, दुसरींत कोमल ध, सा, नी, तिसरींत ध, कोमल ग, सा, नी. ह्या ओळी वाजवावयाच्या नाहींत, केवळ डोळ्यांनीं वाचावयाच्या, असा क्लारा शूमानचा दंडक होता. राख्मानिनोव्हनें १९२९ च्या आपल्या ध्वनिमुद्रणांत त्या वाजविल्या, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो हें खरें. तरी आमचें मत क्लाराच्या बाजूचें आहे. उत्तर मोठ्यानें वाचून दाखविलें कीं कोडें संपतें. एर्नेस्टीनशीं शूमानचें लग्न झालें नाहीं. १८४० सालीं तें क्लाराशींच झालें. त्याच 'कार्निव्हल'मध्यें 'किआरिना' ह्या नांवानें तीही आधींपासून वावरत होती, हें विशेष.

ह्याच घरांत १८५३ च्या २८ ऑक्टोबरला एक गमतीचा प्रसंग घडला. तरुण व्हायोलिनवादक योआखिम ह्याचें 'स्वतंत्र पण एकाकी' असें ब्रीद होतें. त्याच्या जर्मन शब्दांचीं आद्याक्षरें एफ्, ए, ई, म्हणजे म, ध, ग. शूमान, वीस वर्षांचा ब्राम्स आणि डीट्रिख ह्या तिघांनीं मिळून त्याच्यासाठीं एक सोनाटा रचला, आणि कोणता भाग कोणाचा हें त्यानें ओळखावें असें ठरविलें. क्लारा पियानोवर बसली, योआखिमनें व्हायोलिन घेतलें, आणि चारही भागांचे कर्ते त्यानें बिनचूक सांगितले. येथें अक्षर नाहीं, आंकडा नाहीं. ज्याच्या त्याच्या वळणावरून नांव ओळखलें. उत्तम कोडें सोडविणारा तो असा. ह्या हंसण्याखेळण्यास चार महिने पुरे व्हावयाच्या आंत शूमाननें ऱ्हाईन नदींत उडी टाकली. त्यास वर काढलें, पण उरलेले दिवस वेड्यांच्या इस्पितळांतच गेले. ब्राम्सनेंही पुढें मोडलेल्या विवाहाच्या आठवणीनें आगाथे हें नांव एका षट्वाद्य रचनेंत घातलें. 'टी' ह्या अक्षरास स्वर नाहीं, म्हणून तें वगळून.

स्वर नसलेल्या अक्षरांचें करावें काय, हा प्रश्न फ्रेंचांनीं एका झटक्यांत मिटविला. १९०९ सालीं हायडनच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं, तेव्हां पॅरिसच्या एका संगीतविषयक मासिकानें देब्यूसी, रावेल, ड्यूका वगैरे सहा जणांकडून हायडनच्या नांवावर रचना मागविल्या. वर्णमाला सात सात अक्षरांच्या ओळींत मांडावयाची, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या वरती एक स्वर येतो. ह्या रीतीनें वाय् म्हणजे रिषभ आणि एन् म्हणजे पंचम झाला, व हायडन म्हणजे नी, ध, रे, रे, प. पण त्याच मांडणीनें एच् धैवत ठरतो. तेथें मात्र जर्मनांचा शुद्ध निषाद ठेविला! वृद्ध सां-सांस ह्यानें वाय् आणि एन् ह्यांचा पुरावा मागितला आणि आपल्या शिष्यास, फोरे ह्यास, ह्या हास्यास्पद भानगडींत पडूं नको असें कळविलें. रावेलचा मिन्युएट सुंदर आहे, तरी न्याय म्हातारबोवांच्या बाजूचा होता, असें आम्हांस वाटतें. सोयीप्रमाणें फिरणारी किल्ली कोणत्याही कुलपास लागते.

हा सारा सुखवस्तूंचा खेळ वाटेल. रशियांत तो खेळ राहिला नाहीं. १९४८ च्या फेब्रुवारींत पक्षाच्या ठरावानें द्मित्री शोस्ताकोविच ह्याच्यावर नांव घेऊन ठपका ठेवला. त्याची शिक्षकाची जागाही गेली. १९५३ च्या मार्चांत स्टालिन मेला, आणि त्याच डिसेंबरांत शोस्ताकोविचची दहावी सिंफनी लेनिनग्राडला वाजली. तींत रे, कोमल ग, सा, नी अशी एक ओळ पुनः पुनः येते. हें डी, एस्, सी, एच्. रशियन लिपींत त्याच्या आडनांवाचें आद्याक्षर एकच आहे. त्याच्या जागीं जर्मन लेखनांतलीं तीन घेतलीं तेव्हां हें जुळलें. ठरावानें डागलेलें नांव शेवटच्या भागांत नगाऱ्यांवर वाजतें. तिसऱ्या भागांत एक शिंग ग, ध, ग, रे, ध अशी हांक बारा वेळां देतें. तिचा अर्थ कित्येक वर्षें उलगडला नव्हता. १९९० नंतर त्याचीं पत्रें उजेडांत आलीं तेव्हां तें एल्मिरा हें त्याच्या एका शिष्येचें नांव निघालें. पहिलें आणि शेवटचें अक्षर जर्मन पद्धतीचें, मधले ला, मी, रे हे इटालियन पद्धतीचे स्वर. दोन किल्ल्या एका कुलपास. बाहेरच्या माणसानें हें केवळ तर्कानें सोडविलें असतें, तर आम्हीं त्यावर विश्वास ठेविला नसता.

१९६० च्या जुलैंत ड्रेस्डनजवळ तीन दिवसांत त्यानें आठवें चतुर्वाद्य लिहिलें. फॅसिझम आणि युद्ध ह्यांच्या बळींस, अशी त्याची जाहीर अर्पणपत्रिका आहे. ग्लिकमन ह्या मित्रास मात्र त्यानें त्याच महिन्यांत कळविलें कीं, आपल्या मागें आपल्या स्मरणार्थ कोणी असें कांहीं लिहील हें संभवत नाहीं, म्हणून आपणच लिहून ठेविलें. तें पत्र छापलें गेलें १९९३ सालीं. रचना सुरू होते ती एकट्या चेलोच्या खर्जांतील चार संथ स्वरांनीं: रे, कोमल ग, सा, नी.