सौर ऊर्जा सवलती, कोल्हापूर

सौर ऊर्जा सवलती, कोल्हापूर : घराच्या छतावरील सौरसंच, कारखान्यांचे सौरप्रकल्प व शेतीपंपांच्या वाहिन्यांसाठी उभारलेली सौरनिर्मिती यांना मिळणारी करकपात व अनुदाने. जिल्ह्याचे वीजवितरण महावितरणच्या कोल्हापूर परिमंडळाकडे असून त्यात सांगली जिल्हाही मोडतो. घरगुती ग्राहकाला मिळते ते मुख्यतः रोख अनुदान. प्राप्तिकरातील लाभ उद्योगाच्या वाट्याला येतो. यांपैकी बहुतेक सवलती केंद्राच्या आहेत.

घसारा : औद्योगिक प्रकल्पांना खरे बळ देणारा घटक हाच. सौर यंत्रसामग्रीवर ३१ मार्च २०१७ पर्यंत ८० टक्के दराने घसारा मिळे. १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्के झाला. एक कोटी रुपयांच्या संचावर पहिल्या वर्षी ४० लाखांची वजावट मिळते, दुसऱ्या वर्षी उरलेल्या साठ लाखांवर २४ लाखांची. मात्र संच त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापरला गेला, तर पहिल्या वर्षीचा दर निम्मा होतो. म्हणजे सप्टेंबरअखेर सुरू झालेला संच ४० लाख वजा करून देतो, तर मार्चमध्ये घाईने सुरू केलेला केवळ २० लाख. तरीही मार्चची घाई होतेच, कारण निम्मा घसारा त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा होतो. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री उद्योगाचे वीजबिल मोठे असल्याने हे गणित तेथे विशेष लागू पडते. पगारदाराने राहत्या घरावर बसवलेल्या संचाला घसारा नाही.

वस्तू व सेवा कर : सौर उपकरणांवर आरंभी ५ टक्के, १ ऑक्टोबर २०२१ पासून १२ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ५ टक्के कर आहे. उपकरणे व उभारणी मिळून एकच कंत्राट असल्यास ७० टक्के किंमत वस्तूंची व ३० टक्के सेवेची धरतात (१ जानेवारी २०१९ पासून). सेवेवर १८ टक्के कर लागतो. त्यामुळे एकत्रित भार १३.८ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आला. करपूर्व दीड लाखाच्या कंत्राटात कर २०,७०० रुपयांऐवजी १३,३५० रुपये होतो. जुनी दरपत्रके पुढे करणाऱ्या विक्रेत्याकडे ग्राहकाने हा फरक मागावा.

घरगुती अनुदान : फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने'त पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० व तिसऱ्याला १८,००० रुपये, कमाल ७८,००० रुपये मिळतात. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. राज्याच्या 'स्मार्ट' योजनेत (२०२५) दरमहा शंभर युनिटपर्यंत वापर असलेल्यांना पूरक रक्कम मिळते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ती १७,५०० रुपये आहे. करवीर तालुक्यातील शेळकेवाडी हे आधी बायोगॅससाठी व नंतर सौरग्राम म्हणून नावारूपास आले.

वीज शुल्क : घरगुती बिलावर राज्य १६ टक्के वीज शुल्क आकारते. संचाची वीज वापरातून वजा करणाऱ्या नेट मीटरमुळे बिलातील युनिट घटले की त्यावरील शुल्कही आपोआप घटते. स्थिर आकार व त्यावरील शुल्क मात्र राहते. कारखान्यांच्या स्वनिर्मित विजेवरील शुल्काबाबतची भूमिका राज्याच्या धोरणांनुसार बदलत गेली आहे. दिवसाच्या निर्मितीची वजावट कोणत्या वेळेच्या वापरातून करायची, हा प्रश्न वीज नियामक आयोगापुढे वादाचा ठरला.

घरफाळा : स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अखत्यारीतील बाब. उदाहरणार्थ, पुणे महानगरपालिका सौरसंचासाठी सर्वसाधारण करात सूट देते.

कृषिवाहिन्या : शेतीला दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात महावितरण कार्यालयासमोर बेमुदत धरणे धरले. २०२३ मध्ये शेतीपंपांना सौरनिर्मितीतून दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात भाडेपट्ट्याच्या जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये व दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी लोकार्पण झालेल्या राज्यातील पाच प्रकल्पांत (एकूण १९ मेगावॅट) शिरोळ तालुक्यातील कोंडिग्रे येथील ३ मेगावॅटचा प्रकल्प होता.

यंत्रमाग : इचलकरंजीच्या यंत्रमागांची वीजदर सवलत ही सौर सवलत नव्हे; ती वस्त्रोद्योग धोरणाखाली येते.