‘अंडं’ म्हणजे नेमकं कोणतं अंडं? गावठी, पोल्ट्रीचं, ‘शाकाहारी’ आणि शासन निर्णयातलं

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर खांडबारा हे गाव आहे. अशा गावात किराणा दुकानात ‘अंडी आहेत का?’ असं विचारलं की दुकानदार पुठ्ठ्याच्या ट्रेकडे बोट दाखवतो. तोच प्रश्न परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरी विचारला, तर ‘आहेत, पण खायची नाहीत, कोंबडी बसवायची आहे’ असंही उत्तर मिळू शकतं. शब्द एकच, वस्तू मात्र दोन. दुकानातल्या अंड्यातून पिल्लू कधीच निघणार नाही, घरातल्या अंड्यातून निघू शकतं. मराठीत या दोन्हींसाठी वेगळे शब्द नाहीत आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी शब्दाबद्दल. लिहिताना ‘अंडे’, बोलताना ‘अंडं’, अनेकवचन ‘अंडी’. मूळ संस्कृत ‘अण्ड’. विश्वासाठी आपण सहज वापरतो तो ‘ब्रह्मांड’ हा शब्द शब्दशः ब्रह्माचं अंडं आहे. अंड्यातून जन्मणारे ते ‘अंडज’, म्हणजे पक्षी, साप, मासे. ‘द्विज’ या शब्दाचा एक अर्थ पक्षी असाही आहे, कारण तो दोनदा जन्मतो: एकदा अंडं म्हणून आणि एकदा अंडं फोडून.

विज्ञानाच्या पुस्तकात ‘अंडाशय’ येतो, पण त्यातून बाहेर पडणाऱ्या पेशीला मराठी सहसा ‘अंडं’ म्हणत नाही. तिथे ‘स्त्रीबीज’ किंवा ‘बीजांड’ असतं. त्यामुळे ‘एग फ्रीझिंग’च्या बातमीत ‘अंडी गोठवली’ असं वाचलं की फ्रीजच आठवतो. ‘स्त्रीबीज गोठवणं’ हेच नीट. पुरुषांच्या बाबतीत ‘अंडकोश’ हा शब्द आहे. त्याचं बोलीतलं रूप चारचौघांत उच्चारलं जात नाही.

प्राणी बदलला की मराठी शब्दही बदलते. माशाच्या पोटातली अंडी ही गाबोळी, केसांतल्या उवांची अंडी म्हणजे लिखा. रेशीम शेती करणारा शेतकरी ‘अंडीपुंज’ आणतो. पोल्ट्रीवाल्याची भाषा आणखी वेगळी. तो शेकड्याचा भाव बोलतो, तीसचा एक ट्रे मोजतो आणि अशा सात ट्रेची, म्हणजे २१० अंड्यांची पेटी भरतो.

नवापूरचं रेल्वे स्थानक तर महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवर अर्धं-अर्धं विभागलेलं आहे. फलाटाच्या एका टोकाला अंडं, दुसऱ्या टोकाला गुजरातीतलं ‘ईंडुं’. गोव्यात गेलात तर कोंकणीत ‘तांतीं’. मुंबईत ‘बैदा रोटी’ मिळते, त्यातला ‘बैदा’ मुळात अरबी. आणि राज्यभरातल्या हातगाड्यांवर जे ‘अंडा भुर्जी’, ‘अंडा करी’ लिहिलेलं असतं, तो ‘अंडा’ हिंदीतून आलेला पाहुणा आहे. भुर्जीसोबत तो चालतो, पण सुटं मागताना ‘एक अंडा द्या’ म्हटलं की कानाला खटकतं.

वाक्प्रचारांत सगळ्यात अस्सल मराठी कोणता असेल, तर ‘अंडीपिल्ली’. ‘मला त्याची सगळी अंडीपिल्ली माहीत आहेत’ म्हणजे त्याची सगळी गुपितं ठाऊक आहेत. निवडणुका जवळ आल्या की एकमेकांची अंडीपिल्ली बाहेर काढण्याची भाषा हमखास ऐकू येते. मोकळी कोंबडी आडोशाला, गवतात, पेंढ्यात कुठेही अंडी घालते आणि ती जागा घरच्यांनाच माहीत असते. हे डोळ्यांसमोर आणलं की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ‘सोन्याचं अंडं देणारी कोंबडी’ मात्र इसापाच्या गोष्टीतून आली. परीक्षेत शून्य मिळालं तर हिंदीत ‘अंडा’ मिळतो, मराठीत भोपळा. आर्थर रोड आणि येरवडा तुरुंगांमुळे बातम्यांत येणारा ‘अंडा सेल’ हा कडेकोट बंदोबस्ताचा विभाग आहे. त्याच्या अंडाकृती रचनेवरून हे नाव पडलं.

आता मूळ प्रश्नाकडे: पिल्लू निघणारं अंडं आणि न निघणारं अंडं.

कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागत नाही, पिल्लू व्हायला लागतो. पोल्ट्रीच्या शेडमधल्या ‘लेअर’ कोंबड्यांसोबत कोंबडा ठेवलेलाच नसतो. अशी कोंबडी साधारण पाच महिन्यांची झाली की अंडी द्यायला लागते आणि वर्षाला तीनशेच्या आसपास देते. ही सगळी अंडी अफलित असतात, कितीही उबवली तरी नासतील, पण फुटून पिल्लू येणार नाही. परसातली गावठी कोंबडी वर्षाला त्याच्या निम्मीही अंडी देत नाही. पण ती मधूनच खुडूक बसते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसते, आणि २१ दिवसांनी पिल्लं काढते. म्हणून गावठी अंड्याचा हिशेब निराळा असतो. आज खाल्लं तर एक आम्लेट, ठेवलं तर काही महिन्यांनी विकता येईल असा कोंबडा.

‘शाकाहारी अंडं’ हा शब्दप्रयोग अफलित अंड्यांवरूनच आला. ती जाहिरातदारांची शक्कल वाटते, पण हा युक्तिवाद जुना आहे. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे लिहिलं, त्यात त्यांनी हाच मुद्दा मांडला होता: अफलित अंड्यातून पिल्लू होत नाही, तेव्हा ज्याला दूध चालतं त्याला असं अंडं चालायला हरकत नसावी. हा तर्क पटणं न पटणं ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर आहे. पण ‘अंड्यात जीव असतो’ हे विधान दुकानातल्या अंड्याला लागू होत नाही, एवढं जीवशास्त्र स्पष्ट सांगतं. पोषणाच्या दृष्टीनं दोन्हींत सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. गावठी अंड्याचा बलक गडद दिसतो तो मुख्यतः कोंबडीच्या खाण्यामुळे. कवचाचा रंग जातीवर ठरतो, सकसपणावर नाही.

या दोन्ही अंड्यांना एकच नशीब आलं ते फेब्रुवारी २००६ मध्ये. भारतात पाळीव पक्ष्यांमधला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला. १८ फेब्रुवारीला एच५एन१ विषाणूवर शिक्कामोर्तब झालं आणि तीन किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारण्याचं काम सुरू झालं. त्यात शेडमधल्या लाखो कोंबड्या होत्या, तशा झोपड्यांच्या अंगणातल्या चार-दोन कोंबड्याही. अंडी खड्ड्यांत पुरली गेली. व्यावसायिकासाठी ते मोजता येणारं नुकसान होतं. ज्या घरात खुडूक कोंबडीखालची अंडी गेली, तिथे पुढच्या वर्षीच्या कोंबड्याच गेल्या, आणि हा फरक पंचनाम्याच्या कागदावर दिसत नाही. २०२१ मध्ये नवापूरवर तीच वेळ पुन्हा आली. दोन्ही वेळी राज्यभर लोकांनी अंड्यांकडे पाठ फिरवली. प्रत्यक्षात ७० अंश सेल्सिअसच्या वर सर्व भागांत शिजलेल्या अंड्यात हा विषाणू टिकत नाही. टाळायचं ते अर्धकच्चं अंडं, हाफ फ्राय आणि वाहता बलक.

अंड्याचा आणखी एक अर्थ सरकारी कागदात आहे, आणि नवापूरसारख्या पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात असलेल्या तालुक्यासाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आधी गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळू लागलं. पुढच्या वर्षी सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा समावेश झाला. आठवड्यातून चार दिवस, महिन्याला १६ अंडी, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळी. शाळेत मात्र अंडं आलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये, तेही आठवड्यातून एकदा. जानेवारी २०२५ मधल्या शासन निर्णयानं ते ऐच्छिक केलं आणि त्यासाठी राज्याचा वेगळा निधी थांबवला. अंडी द्यायची तर पैसे लोकसहभागातून उभे करा, असं शाळांना सांगण्यात आलं.

त्यामुळे अंगणवाडीत चार दिवस अंडं खाणारं मूल पहिलीत जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं की, तिथे त्याला अंडं मिळेल की नाही हे गावातून वर्गणी किती जमते यावर ठरतं.