चंद्रावर उतरणारी नौका

१९६९ च्या ऑक्टोबर महिन्यांत आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स हे तीन चांद्रवीर आपल्या जगप्रवासांत मुंबईस येऊन गेले. ज्या यानांत बसून ते पृथ्वीवर परतले तें यान वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत ठेविलेलें आहे. परंतु त्यांपैकीं दोघांना ज्या वाहनानें चंद्राच्या भूमीवर पोंचविलें व तेथून सुखरूप वर आणिलें, तें वाहन मात्र परत आलें नाहीं. किंबहुना परत न येण्यासाठींच तें घडविलें होतें. ‘ल्यूनर मॉड्यूल’ हें त्याचें नांव. आपण त्याला चांद्रनौका म्हणूं. तिचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

तें दशक संपण्यापूर्वीं मनुष्य चंद्रावर उतरवूं, अशी प्रतिज्ञा अध्यक्ष केनेडी यांनीं १९६१ च्या मे महिन्यांत केली. एकच प्रचंड यान चंद्रावर उतरवावें व तेंच परत आणावें, असा बहुतेक तज्ज्ञांचा कल होता. जॉन हूबोल्ट या इंजिनीयरास हा मार्ग पटला नाहीं. कोंकणच्या कित्येक बंदरांत पूर्वीं आगबोट बाहेर खोल पाण्यांत उभी राही आणि उतारू पडावांत बसून किनाऱ्यास येत, हें आपणांपैकीं वडील मंडळींना आठवत असेल. हूबोल्टचें म्हणणें नेमकें हेंच होतें. परतीचें इंधन व जड कवच चंद्रावर उतरवून पुन्हा वर चढवावयाचें कशाला? मोठें यान चंद्राभोंवतीं फिरत राहूं द्यावें व एका लहान नौकेनें खालीं जावें. या मतास प्रथम फारसें कोणी विचारीना. अखेर १९६१ च्या नोव्हेंबरांत अधिकाराच्या पायऱ्या ओलांडून त्यानें थेट वरिष्ठांस पत्र धाडलें. पुढील जुलै महिन्यांत त्याचा मार्ग मान्य झाला.

नौका बांधण्याचें काम न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरच्या ग्रुमन कंपनीकडे गेलें. टॉमस केली हे तिचे प्रमुख शिल्पकार. चंद्रावर हवा नाहीं, म्हणून नौकेस पंख नकोत कीं निमुळतें नाक नको. ती दिसूं लागली एखाद्या थोरल्या कोळ्यासारखी. चार पाय, अंग कोनाकोपऱ्यांचें. वजनाची काटकसर तर इतकी कीं, बसावयाच्या खुर्च्याच काढून टाकल्या. प्रवासी उभे राहिले कीं खिडकीच्या जवळ येतात, तेव्हां मोठ्या खिडक्यांच्या जागीं लहान त्रिकोणी खिडक्या पुरल्या. खोलीचा पत्रा कांहीं ठिकाणीं एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतका पातळ केला. तरीही इंधनासह सुमारें १५ टन वजन झालेंच! पृथ्वीवर ही नौका स्वतःच्या बळावर हातभरही उचलली गेली नसती. चंद्राचें आकर्षण एक षष्ठांश आहे, म्हणूनच ती तेथें उडूं शकली.

नौकेला दोन मजले होते. खालच्या मजल्यांतील इंजिन उतरण्यासाठीं. निघतांना तो मजला तेथेंच सोडून द्यावयाचा व वरच्या मजल्यानें आपल्या इंजिनावर उड्डाण करावयाचें. हें वरचें इंजिन एकच होतें. त्याला जोडीदार नव्हता. तें पेटलें नाहीं तर सुटकेचा उपाय नाहीं. वर एकटा फिरत राहिलेल्या सोबत्यापाशीं खालीं उतरण्याचें कोणतेंही साधन नव्हतें. त्याला एकट्यानेंच घरीं परतावें लागलें असतें. म्हणून त्या इंजिनाची रचना होईल तितकी साधी ठेविली. त्याला पंप नाहीं, ठिणगी नाहीं. हेलियम वायूच्या दाबानें दोन द्रव पुढें ढकलले जात व एकमेकांस भिडतांच पेट घेत.

२० जुलै १९६९ रोजीं ‘ईगल’ नांवाची नौका उतरूं लागली, तेव्हां गणकयंत्र धोक्याच्या सूचना देऊं लागलें व समोर मोठमोठे धोंडे दिसूं लागले. आर्मस्ट्राँगनें ती हातानें हांकीत पलीकडे नेली. जमिनीला पाय टेकले तेव्हां मिनिटभरही पुरेल इतकें इंधन उरलें नव्हतें. पुढें पाहतात तों वरचें इंजिन सज्ज करणाऱ्या बटणाची मूठ मोडलेली! ऑल्ड्रिननें लिहिण्याची लेखणी त्या भोंकांत खुपसून बटण दाबलें. इंजिन पेटलें.

पण या नौकेची खरी परीक्षा पुढल्या वर्षीं झाली, आणि तीही चंद्रावर न उतरतां. १९७० च्या एप्रिलमध्यें अपोलो १३ मोहिमेंत मुख्य यानाची प्राणवायूची टांकी वाटेंतच फुटली. तिघे प्रवासी ‘अ‍ॅक्वेरियस’ या नौकेच्या आश्रयास गेले. दोघांना सुमारें दोन दिवस पुरेल अशा त्या नौकेनें तिघांना साडेतीन दिवस जगविलें. उतरण्यासाठीं असलेल्या इंजिनानें त्यांना घरची वाट दाखविली. दूषित हवा शुद्ध करणारे मुख्य यानांतील डबे चौकोनी व नौकेंतील जागा गोल निघाली. तेव्हां प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा व चिकटपट्टी यांनीं सांधा जुळविला. पृथ्वी जवळ येतांच प्रवासी मुख्य यानांत परतले आणि ज्या नौकेनें तारलें तिलाच सोडून द्यावें लागलें. ती वातावरणांत शिरतांच नष्ट झाली.

१९६८ पासून १९७२ पर्यंत अशा दहा नौका अंतरिक्षांत गेल्या. त्यांपैकीं सहा चंद्रावर उतरल्या व बारा माणसांस घेऊन पुन्हा वर आल्या. प्राण वांचविण्याची वेळ आली असतां एकीनेंही दगा दिला नाहीं. त्या सहांचे खालचे मजले अद्याप चंद्रावर उभे आहेत; २००९ पासून चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या यानानें त्यांचीं छायाचित्रें घेतलीं आहेत. पैलतीरावर नांगरून ठेविलेल्या पडावांसारखे ते तेथें आहेत. त्यांना न्यावयास कोणी यावयाचें नाहीं. कारण त्यांचें काम त्यांनीं केव्हांच पुरें केलें आहे.