पुढच्या ब्रेकची कुरकुर

शिफ्ट सुटली की चाकणच्या तळेगाव चौकात दुचाक्यांचा लोंढा येतो. एवढी पुढची चाके एकदम थांबायला बघतात तेव्हा उठणाऱ्या किंचाळीने इथल्या कुणाची मान वळत नाही. ‘डिस्क आहे, वाजणारच’ एवढ्यावर विषय मिटतो. गंमत अशी की डिस्क ब्रेकची ओळख चाकणएवढी फार थोड्या गावांना असेल. बजाजचा कारखाना इथे १९९९ पासून आहे, गाड्यांच्या सुट्या भागांचे कारखाने याच पट्ट्यात आहेत आणि वाहनांची तपासणी करणाऱ्या एआरएआयचेही एक केंद्र चाकणला आहे. तरीही पुढचा ब्रेक वाजतो, आणि कधी कधी पकडतो, म्हणजे हात हलका ठेवला तरी चाक एकदम आवळले जाते. याचे कारण धुळीपेक्षा आणि मालापेक्षा इतिहासात अधिक सापडते, असे माझे म्हणणे आहे. ब्रेक बदलला, तो वापरणारी आणि दुरुस्त करणारी सवय मात्र आकुर्डीच्या स्कूटरच्या काळातली राहिली.

बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला, इटलीच्या पियाज्यो कंपनीबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडली. चेतकच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू, त्यांवर लायनर, शूंना ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांना फाकवणारा कॅम. लिव्हर सोडला की स्प्रिंगा शू मागे घेतात. चाक उतरवले की सगळा कारभार डोळ्यांना दिसतो. या ब्रेकची ताकद आणि खोड एकच. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने पुढे असलेला शू ड्रमला टेकला की फिरता ड्रमच त्याला आणखी आत ओढतो, त्यामुळे थोड्या जोरात बराच ब्रेक मिळतो. पण पावसाळ्यातल्या सकाळी ड्रमच्या आत गंजाची पातळ साय धरली असली की शू स्वतःच स्वतःला आवळत जातो आणि चाक अडखळते. मिस्त्रींचा उपाय ठरलेला होता: चाक उतरवायचे, धूळ झटकायची, चकाकी आलेला लायनर काचपेपरने घासायचा, त्याच्या पुढच्या कडेवर कानस मारायची, कॅमला बोटावर मावेल एवढे ग्रीस लावायचे आणि केबलचा नट आवळायचा. हा उपाय अडाणी नव्हता. कड मारली की शू एकदम आत ओढला जात नाही, हे यंत्रशास्त्राला धरूनच आहे. (त्या काळी लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस सर्रास असे आणि धूळ तोंडाने फुंकली जाई, हा वेगळा आणि दुःखाचा विषय.)

स्कूटरने हाताला आणि पायालाही वळण लावले. नवशिक्याला मिळणारा पहिला धडा असे, ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील.’ छोटी चाके, मागे आणि एका बाजूला इंजिनाचे वजन आणि निसरडे रस्ते पाहता तो धडा अगदीच चुकीचा नव्हता. पण ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे येते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाकच करते, हे त्या धड्यात बसत नव्हते. पुढे १९८६ मध्ये कावासाकीच्या तंत्रज्ञानाची केबी १०० मोटरसायकल आली तीही ड्रम ब्रेकचीच, त्यामुळे हा धडा घेऊनच एक पिढी मोटरसायकलवर बसली.

डिस्क आली ती या सवयींवर. १९९९ च्या हिरो होंडा सीबीझेडने आणि नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या पल्सरने ती तरुणांच्या डोळ्यांत भरवली; मोठ्या पल्सरच्या पुढच्या चाकातली २४० मिलिमीटरची थाळी हा तेव्हा मिरवायचा दागिना होता. दिसायला डिस्क ड्रमपेक्षा सोपी वाटते, कारण सगळे उघड्यावर आहे. प्रत्यक्षात जे महत्त्वाचे ते आता आत गेले. डिस्कच्या कॅलिपरमध्ये पॅड मागे घेणारी स्प्रिंग नाही. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. लिव्हर दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते, सोडला की ती आपला पीळ सोडते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड आणि थाळी यांच्यातले अंतर ते एवढेच. पिस्टनवर चिखलाची पापुद्री बसली, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांतले ग्रीस सुकले, किंवा कुणी ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइलचा थेंब पाडून सील फुगवली, की हे केसभर अंतर नाहीसे होते. पॅड घासत राहतो, तापतो, चकाकतो आणि वाजू लागतो. गाडी गॅरेजमध्ये गेली की काय होते? पॅड काढतात, काचपेपरने घासतात, परत बसवतात. चार दिवस आवाज बंद आणि पाचव्या दिवशी पुन्हा कुईं. ड्रमच्या काळी लायनर घासणे हा इलाज होता; इथे ती लक्षणावरची मलमपट्टी आहे. दुखणे पिस्टनमागे किंवा पिनेत आहे, आणि तिथे पोहोचायला कॅलिपर उतरवावा लागतो.

पकडण्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. डिस्कचा पॅड थाळीवर काटकोनात दाबला जातो, ड्रमच्या शूसारखा स्वतःला आत ओढून घेत नाही. म्हणजे रचनेतच पकडण्याची खोड नाही. ती दिसली तर कुठेतरी दोष आहे असेच समजावे. एक नेहमीचा दोष वरून येतो. पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गळू लागले की तेल दांडीवरून ओघळत पॅडपर्यंत पोहोचते. तेल प्यायलेला पॅड गार असताना घसरतो, गरम झाल्यावर मधेच चिकटतो. दुसरा दोष वॉशिंग सेंटरचा. गाडी धुतल्यावर चाकांवर, इंजिनावर डिझेल किंवा चमक आणणारे पॉलिश फवारण्याची रीत जुनी आहे. ड्रम बंद डबा होता, त्याला या फवाऱ्याची फारशी झळ लागली नाही. डिस्क उघडी आहे. आणि ‘डिस्क वाकली’ हा जो निकाल गॅरेजमध्ये चटकन दिला जातो, त्यात पुष्कळदा थाळी वाकलेलीच नसते. गरम पॅड दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा थर थाळीवर एका जागी डागासारखा बसतो आणि दर फेऱ्याला हाताला धक्का बसतो. खरी वाकलेली थाळी डायल गेजने कळते, ०.३ मिलिमीटरच्या वर डोलली तर ती गेली. हे गेज चाकणच्या कारखान्यात ज्या कामगाराच्या हातात दिवसभर असते, तो संध्याकाळी स्वतःच्या गाडीचा निकाल मात्र नजरेने लावून घेतो.

यावर पहिला आक्षेप असा की डिस्क मुळातच वाजरी असते, सवयींना दोष कशाला? आक्षेपात तथ्य आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले तेव्हा त्याचे तांब्याचे अस्तर असे किंचाळे की ब्रेकची ती तऱ्हाच मागे पडली. पॅड आणि थाळी यांच्या घर्षणात कंप निर्माण होतो, तो थाळी घंटेसारखा घुमवते, हे भौतिकशास्त्र आहे. पण त्याच शतकात, १९५३ च्या ल मांस शर्यतीत जॅग्वार डिस्कच्या जोरावर जिंकली आणि १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५०ला पुढे डिस्क दिली. पॅडच्या मागे पातळ पत्रा, पिनांना योग्य ग्रीस आणि नव्या पॅडला बसायला वेळ, एवढ्यावर आवाज आटोक्यात येतो. हा वेळच आपल्याकडे कुणी देत नाही. पुढचा ब्रेक फक्त आणीबाणीत दाबायचा या जुन्या धड्यामुळे पॅड थाळीवर नीट बसतच नाही आणि हातालाही त्याचा अंदाज येत नाही. ‘पकडतो’ अशा काही तक्रारी यंत्राच्या नसून त्या अनोळखी हाताच्या असतात.

दुसरा आक्षेप धुळीचा आणि नकली पॅडचा. चाकण-तळेगाव रस्त्याची धूळ आणि अवजड वाहने ज्याने पाहिली तो हा आक्षेप उडवून लावणार नाही. फक्त एवढेच विचारावे लागते की धूळ हेच कारण असेल तर पिनांना ग्रीस लावल्यावर त्याच धुळीत तीच गाडी गप्प का होते? वाईट पॅड वाईटच. पण चांगला पॅड अडकलेल्या पिस्टनपुढे टाकला तर महिनाभरात तोही बदनाम होतो.

तिसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: आता एबीएस आले, मग हा काथ्याकूट कशाला? १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्वच नव्या गाड्यांना १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचे झाले. छोट्या गाड्यांना निदान सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था. जीव वाचवणारा नियम आहे. पण एबीएस जागे होते ते चाक थिजायला लागल्यावर. पॅड तेल प्यायला आहे, मास्टर सिलिंडरच्या तळातले टाचणीच्या टोकाएवढे भोक बुजल्यामुळे तापलेले ऑइल परत जात नाही आणि गर्दीत ब्रेक आपोआप आवळला जातो आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. उलट ब्रेक ऑइलची जबाबदारी वाढली. ड्रमच्या केबलला फक्त ताण माहीत होता; ऑइल हवेतले पाणी शोषते, आणि डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा २३० अंशांचा किमान उत्कलनबिंदू पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते, डबीत दिसते आहे म्हणून वर नुसती भर घालायची नसते.

आकुर्डीतले गाड्यांचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. तिथली सवय मात्र गॅरेजांत अजून चालू आहे. थाळीच्या मधल्या भागावर बारीक अक्षरांत किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. पुढच्या वेळी ब्रेक वाजतो म्हणून गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा पॅड घासण्याआधी तो आकडा वाचायला आणि कॅलिपर पिनांवर हाताने सरकतो का ते बघायला सांगा.