टेलिफोनच्या तारेवर जन्मलेले लिनक्स

१/ २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालत आहेत. अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. या प्रणालीचा उगम मात्र एका साध्या गरजेत आहे : घरच्या संगणकावरून विद्यापीठाच्या संगणकाशी फोनने जोडले जाणे. #इतिहास

२/ स्थळ फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठ. १९९० मध्ये तेथे मायक्रोव्हॅक्स हा युनिक्स प्रकारातील प्रणालीवर चालणारा संगणक आला. एका वेळी केवळ १६ जणांना त्यावर काम करता येई. बाकीचे रांगेत ताटकळत.

३/ यावर तोडगा होता मोडेम. संगणकाच्या शून्य-एकाच्या संकेतांचे तो ध्वनीत रूपांतर करी. ते ध्वनी टेलिफोनच्या तारेवरून जात आणि पलीकडचा मोडेम त्यांचे पुन्हा संकेत करी.

४/ लिनस टोरवाल्ड्स तेव्हा २१ वर्षांचे विद्यार्थी होते. जानेवारी १९९१ मध्ये त्यांनी ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. त्याची मेमरी अवघी ४ मेगाबाइट. त्यावर त्यांनी मिनिक्स बसवले. प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी अध्यापनासाठी रचलेली ही प्रणाली. परंतु विद्यापीठाशी जोडणी करून देणारा तिचा टर्मिनल प्रोग्रॅम टोरवाल्ड्स यांना तोकडा वाटला.

५/ त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला, तोही कोणत्याही प्रणालीच्या आधाराविना, थेट फ्लॉपीवरून सुरू होणारा. त्यात दोन कामे आळीपाळीने चालत : एक कीबोर्डवरील अक्षरे मोडेमकडे पाठवी, दुसरे मोडेमकडून आलेली अक्षरे पडद्यावर उमटवी. प्रोसेसरचा वेळ दोन कामांत वाटणे, हे तर कार्यप्रणालीचेच मूळ कर्तव्य!

६/ पुढे विद्यापीठातून फाइली उतरवून घेण्याची गरज भासली. त्यासाठी डिस्क चालवणारा ड्रायव्हर लिहिला. फाइली नीट साठाव्यात म्हणून फाइल-व्यवस्था आली. गरजेमागून गरज येत गेली आणि टर्मिनल प्रोग्रॅमची कार्यप्रणाली होऊ लागली.

७/ २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांनी मिनिक्सच्या चर्चागटात या कामाची वार्ता दिली. केवळ छंद म्हणून चाललेले काम, मोठे काही होणार नाही, असा तिचा सूर होता. सप्टेंबरमध्ये ०.०१ ही आवृत्ती तयार झाली. सुमारे १०,००० ओळींची.

८/ तोवर घरच्या डिस्कवर मिनिक्स होतेच. एकदा विद्यापीठाचा फोन लावण्याची आज्ञा टोरवाल्ड्स यांच्याकडून चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्ककडे गेली. मिनिक्सचा भाग नष्ट झाला. आता पर्याय दोन : मिनिक्स पुन्हा बसवणे, किंवा आपल्या अपुऱ्या प्रणालीवर विसंबणे. त्यांनी दुसरा निवडला. ज्या प्रणालीवर रोजचे काम अवलंबून, तिच्यातील प्रत्येक उणीव आता स्वतःलाच दूर करावी लागणार होती.

९/ मोठ्या निर्मितीमागे नेहमी मोठा आराखडा असतोच असे नाही. येथे होती एक रांग, ती टाळण्याची धडपड आणि हाती आलेले काम अर्धे न सोडण्याची वृत्ती.