वृद्ध रुग्ण आणि प्रतिजैविकांची मात्रा

न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा चिघळलेली जखम यांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्ध रुग्णाला बहुधा पहिल्याच दिवशी प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक्स, सुरू केली जातात. औषधाची निवड जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची मात्राही. ती जास्त झाल्यास मूत्रपिंड, कान वा मेंदूला इजा पोहोचू शकते. कमी पडल्यास संसर्ग आटोक्यात येत नाही. कृश व दुर्बल वृद्धांच्या बाबतीत ही दोन्ही टोके सांभाळणे विशेष अवघड असते.

'नॉर्मल' अहवालाचा चकवा

पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटांतील बहुतेक औषधे, तसेच जेंटामायसिन, अमिकासिन व व्हँकोमायसिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर पडतात. मूत्रपिंडाचे कार्य जोखण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन मोजले जाते. हे द्रव्य स्नायूंमध्ये तयार होते. वृद्धापकाळी स्नायू झडल्याने ते मुळातच कमी तयार होते. परिणामी मूत्रपिंडाची क्षमता घटली असली तरी अहवालातील आकडा 'नॉर्मल' दिसतो.

यासाठी कॅनडातील डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट व हेन्री गॉल्ट यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र आजही वापरले जाते. १४० मधून वय वजा करून येणाऱ्या संख्येला किलोमधील वजनाने गुणावे आणि त्या गुणाकाराला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे. स्त्रियांसाठी उत्तराचे ८५ टक्के धरावेत.

क्रिएटिनिन १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असलेल्या ३० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषासाठी हे उत्तर मिनिटाला सुमारे १०७ मिलिलिटर येते. तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या ८२ वर्षांच्या, ४० किलो वजनाच्या स्त्रीसाठी ते अवघे २७ येते. दोघांना सारखीच मात्रा दिल्यास वृद्धेच्या शरीरात औषध साचत जाते. हे सूत्र अंदाजच देते. क्रिएटिनिन झपाट्याने बदलत असेल तर ते विश्वसनीय ठरत नाही. शिवाय वजन प्रत्यक्ष मोजलेले असावे लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे वजन अंदाजाने लिहिल्यास सारे गणितच चुकते.

पहिली मात्रा पूर्ण हवी

मूत्रपिंड दुबळे म्हणून सुरुवातीपासूनच मात्रा कमी करणेही घातक ठरू शकते. पहिली मात्रा किती असावी हे प्रामुख्याने औषध शरीरात किती पसरते यावर अवलंबून असते. गंभीर जंतुसंसर्गात, सलाइन दिल्यानंतर, हा पसारा वाढतो. म्हणून पहिली मात्रा सहसा पूर्ण देतात व नंतरच्या मात्रा लहान करतात किंवा त्यांतील अंतर वाढवतात. दाखल होताना शरीरातील पाणी कमी झाल्याने मंदावलेले मूत्रपिंड अनेकदा दोन दिवसांत सावरते. त्यामुळे मात्रेचा हिशेब वरचेवर तपासावा लागतो. सेफ्ट्रिॲक्सोन किंवा डॉक्सिसायक्लिनसाठी मात्र केवळ मूत्रपिंडाच्या कारणाने सहसा बदल करावा लागत नाही.

कोणती लक्षणे ओळखावीत?

जेंटामायसिन व अमिकासिनमुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. कानात आवाज येणे, ऐकू कमी येणे, तोल जाणे असे त्रासही संभवतात. सेफेपिम साचल्यास रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, गुंगीत जातो, क्वचित झटके येतात. ही अवस्था 'वयामुळे' किंवा 'तापामुळे' आली असे समजून दुर्लक्षिली जाण्याची शक्यता असते. सिप्रोफ्लॉक्सासिन व लेव्होफ्लॉक्सासिनमुळे साठीनंतर, विशेषतः स्टेरॉइड घेणाऱ्यांत, टाचेमागील स्नायुबंध दुखावण्याचा वा तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्याबाबत ठळक इशारा दिला होता. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास या औषधांमुळे रक्तातील साखर एकदम उतरू शकते.

नातेवाइकांनी काय करावे?

- रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम अनेक प्रतिजैविकांमुळे वाढतो.
- पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी झाली होती ते सांगावे.
- वजन मोजले आहे का आणि मात्रा मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार ठरवली आहे का, हे विचारावे.
- लघवी कमी होणे, जुलाब, नवा गोंधळ किंवा ऐकण्यात फरक जाणवल्यास लगेच कळवावे.
- औषध स्वतःहून बंद करू नये किंवा कमी करू नये. मात्रेतील बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा.